‘अंग’ आलंय, पण सांगायचं कुणाला?

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी ही जत्रा दूरवर ठाऊक आहे. आमचे गाव तिथून दोन-अडीच कोसांवर. माझी थोरली आत्या शहापूर तालुक्यात, खर्डीच्या बाजूला दिलेली. जत्रेच्या निमित्ताने ती हटकून माहेरी यायची. १९६९ च्या जत्रेला मी अकरा वर्षांची होते. वडिलांनी पहाटे बैलगाडी जुंपली, आम्ही पोरे पेंढ्यावर चढून बसलो, आई बसली. आत्या मात्र बसेना. “तुम्ही व्हा म्होरं, मी येते चालत,” म्हणाली. आणि खरोखरच ती सारी वाट गाडीच्या मागून, थांबत थांबत, चालत आली. जत्रेतही ती कुठे नीट टेकली नाही. एकदा पदर सावरत झाडाआड गेली आणि बऱ्याच वेळाने ओढलेल्या चेहऱ्याने परतली.

मी आईला विचारले, तर आईने डोळे वटारले. त्या रात्री चुलीपाशी दोघींची कुजबुज मात्र कानावर पडली. आत्या म्हणत होती, “वयनी, आंग आलंय माझं. बसलं की टोचतं, हंडा उचलला की उतरतं. सांगू कुणाला?” आईपाशीही उत्तर नव्हते. तिने निखाऱ्यांवर राख ओढली आणि दिवा बारीक केला.

‘अंग येणे’ म्हणजे काय, हे कळण्यासाठी मला पुढे डॉक्टर व्हावे लागले. आणि डॉक्टर झाल्यावरही आत्याला त्याबद्दल विचारायला कितीतरी वर्षे गेली. हा लेख त्या दुखण्याविषयी आहे आणि त्या उशिराविषयीही आहे.

शिंके आणि फळी

१९७६ साली मी मुंबईत वैद्यकीय शिक्षणाला सुरुवात केली. ‘गर्भाशयाचे आधार सांगा’ हा तोंडी परीक्षेतला परीक्षकांचा आवडता प्रश्न. मी तो घडाघडा पाठ म्हणून दाखवला होता. पुढे शरीरक्रियाशास्त्राची अध्यापिका झाल्यावर प्रजननसंस्थेचे प्रकरण मीच मुलांना शिकवू लागले. फळ्यावर रंगीत खडूंनी आकृती काढायची, संप्रेरकांचे बाण दाखवायचे. त्या आकृतीतले गर्भाशय कधी जागचे हलत नसे. आत्याचे दुखणे त्याच आकृतीतले आहे, हे इतकी वर्षे माझ्या ध्यानीही आले नाही.

स्त्रीचे गर्भाशय हा उलट्या ठेवलेल्या नासपतीसारखा, जेमतेम मुठीएवढा अवयव. लांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर, वजन पन्नास-साठ ग्रॅम. गरोदरपणाच्या अखेरीस तेच गर्भाशय बाळाचे वजन सोडूनही किलोभराचे होते आणि बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांत पुन्हा मूळच्या मापाच्या आसपास येते. शरीरातला दुसरा कोणताही अवयव इतका वाढून इतका आवरत नाही. त्याच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि खाली योनिमार्ग.

हे सारे अधांतरी कसे राहते? पूर्वी घरोघरी आढ्याला शिंके टांगलेले असे. अशा एखाद्या शिंक्यातल्या मडक्याखाली एक फळीही बसवली आहे, अशी कल्पना करा. मडक्याचा भार फळी पेलते. शिंक्याच्या दोऱ्या ते कलू नये एवढेच पाहतात. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची अशीच एक फळी असते. ती लाकडासारखी ताठ नसते, जिवंत असते. आपण खोकलो, शिंकलो, ओझे उचलले की ती आपोआप आवळते आणि वरच्या अवयवांना तोलून धरते. गर्भाशयाला कमरेच्या हाडांशी बांधणारे मजबूत तंतूंचे बंध म्हणजे त्या दोऱ्या.

या फळीत एक फट ठेवावीच लागते. जन्माची वाट तिथूनच जाते. बाळाचे डोके बाहेर पडताना फटीभोवतीचे स्नायू मूळ लांबीच्या सुमारे तिप्पट ताणले जातात. गरोदरपणातली संप्रेरके बंधांना आधीच सैल आणि मऊ करून ठेवतात, म्हणूनच हे शक्य होते. बहुतेक बायकांच्या बाबतीत पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत स्नायू सावरतात, बंध पुन्हा आवळतात. पण कळा दिवसभराहून अधिक चालल्या, गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्याआधीच ‘जोर कर, जोर कर’ म्हणून बाईला दमवले, किंवा एकामागून एक बाळंतपणे झाली, तर स्नायू फाटतो, त्याच्या नसेला इजा होते. फळी खचली की सारा भार दोऱ्यांवर येतो. दोऱ्या काही एका दिवसात तुटत नाहीत, त्या वर्षानुवर्षे लांबत जातात.

मग गर्भाशय योनिमार्गात उतरू लागते. आधी नुसते जडपण, संध्याकाळी कंबर धरणे. पुढे जोर केला की हाताला काहीतरी लागते. शेवटच्या टप्प्यात सारे गर्भाशय बाहेर येते आणि बाहेरच राहते. कपड्याला घासून त्यावर जखमा होतात. मूत्राशयही सोबत ओढले जाते. लघवी तुंबते, जळजळते. कित्येकींना लघवीला बसण्यापूर्वी बोटांनी अंग आत ढकलावे लागते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, तिथल्या पेशी पातळ आणि कोरड्या होतात, आणि तरुणपणी सुरू झालेले दुखणे म्हातारपणी बळावते. या दुखण्याने बाई सहसा मरत नाही. त्यामुळे घरातल्या कुणाला त्याची घाईही वाटत नाही.

पाण्याच्या तालुक्यात

आत्याचे पाचवे आणि शेवटचे बाळंतपण १९६८ च्या जूनमध्ये, आवणीच्या तोंडावर झाले. सुईण चांगली होती, मूल सुखरूप होते. पण पाऊस लागला होता, रोपे तयार होती आणि घरात दुसरे हात नव्हते. बाराव्या दिवशी बारसे झाले आणि पंधराव्या दिवशी आत्या गुडघाभर चिखलात वाकून उभी राहिली. ज्या सहा आठवड्यांत फळीने आणि दोऱ्यांनी सावरायचे, ते तिला मिळालेच नाहीत.

त्यात पाणी. शहापूर तालुका म्हणजे मुंबईची घागर. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. याच तालुक्यातले भातसा हे मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयांपैकी सर्वांत मोठे. मुंबईसाठीच्या एकूण साठ्यातला सुमारे निम्मा वाटा त्याचा. आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, बायका डोंगरातल्या झऱ्यावर रात्री नंबर लावतात. भरलेला हंडा पंधरा किलोच्या घरात जातो. त्यावर कळशी, कडेवर मूल. हे ओझे जमिनीवरून उचलताना पोटात जो दाब वाढतो, तो थेट त्या फळीवर येतो, दिवसातून सहा-सात खेपा. त्याच्या जोडीला चुलीच्या धुराचा खोकला, अर्धपोटी शरीर, आणि उघड्यावर जायचे म्हणून अंधार पडेपर्यंत दाबून ठेवल्याने जडलेले बद्धकोष्ठ. शहापूर-मुरबाडमधली कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे तर ओल्या बाळंतिणीच्याही डोक्यावर विटा असतात.

इथे एक खुलासा केला पाहिजे. नुसत्या ओझ्याने अंग येते असे नाही. मूळ इजा बहुतेक वेळा बाळंतपणातली. ओझे, खोकला आणि कुंथणे ती वाढवतात. म्हणूनच हे दुखणे शहरातल्या सुखवस्तू घरांतही आढळते. फरक एवढाच की तिथे दाखवायला जाणे सोपे असते.

दुखण्याला शब्द नसतो तेव्हा

आत्या एकदा दवाखान्यात गेली होती, हे मला फार उशिरा कळले. तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी. खोलीला पडदा नव्हता, दाराशी चार पुरुष उभे होते आणि डॉक्टर टेबलावरून मान वर न करता विचारत होते, “काय होतंय?” आत्या म्हणाली, “कंबर दुखते.” तिला एक इंजेक्शन आणि लाल औषधाची बाटली मिळाली. ती पुन्हा कधी गेली नाही.

आपल्या बायका ‘कंबर धरली’, ‘अंग जड वाटतं’, ‘पांढरं जातं’ असे म्हणतात. खरे दुखणे त्या शब्दांच्या मागे उभे असते. ऐकणाऱ्याने आणखी दोन प्रश्न विचारले, तरच ते पुढे येते. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना प्रजननसंस्थेचा एक ना एक आजार होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर बाईचे आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंब नियोजन, एवढीच सरकारी व्याख्या होती. या अभ्यासाने ती बदलायला भाग पाडले. तो अंक मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचला, त्यावर वर्गात बोललेही. गडचिरोलीच्या बायकांबद्दल मला वाईट वाटले. खर्डीची बाई मात्र तेव्हाही आठवली नाही.

बोलणे नसले की गैरसमज बोलू लागतात. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेमुळे अंग येते, हा त्यातला एक. त्या शस्त्रक्रियेत फक्त बीजवाहक नलिका बंद करतात. गर्भाशयाच्या आधारांना हातही लागत नाही. हा कर्करोग नव्हे, संसर्गजन्य रोग नव्हे आणि कुणाची करणी तर नव्हेच.

डाळिंबापासून रिंगेपर्यंत

दुखणे फार जुने आहे. सुश्रुताने सांगितलेल्या वीस योनिव्यापदांत ‘प्रस्रंसिनी’ आहे, म्हणजे आपल्या जागेवरून सरकणारी. प्राचीन ग्रीक वैद्य उतरलेले गर्भाशय आत ढकलून खाली अर्धे डाळिंब बसवत. उपाय ओबडधोबड खरा, पण कल्पना बरोबर होती: खचलेल्या फळीच्या जागी दुसरा टेकू द्यायचा. आजची रिंग म्हणजे त्या डाळिंबाची नातच. मऊ, लवचिक कडे; मापाप्रमाणे निवडायचे, दुमडून योनिमार्गात बसवायचे, ते आत उघडते आणि गर्भाशयाला तोलून धरते. भूल नाही, टाका नाही, खर्च थोडा. दर काही महिन्यांनी ती काढून, धुऊन, आत जखम नाही ना हे पाहून पुन्हा बसवावी लागते, एवढेच पथ्य. फळी अगदीच खचली असेल तर रिंग टिकत नाही, हेही सांगायला हवे.

सुरुवातीच्या टप्प्यात व्यायामाचा चांगला उपयोग होतो. अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकरी थापताना, एस.टी.ची वाट पाहताना, कुठेही करता येतो, शेजारणीला पत्ताही लागत नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करू नये. निदान तीन महिने नेटाने केला तर गुण दिसतो. पूर्ण बाहेर आलेले गर्भाशय व्यायामाने परत जात नाही.

त्यापुढचा उपाय शस्त्रक्रियेचा. मुले झालेल्या, वयाने मोठ्या स्त्रीचे गर्भाशय योनिमार्गातून काढून सैल झालेला तळ टाके घालून पक्का करतात. पोटावर छेद लागत नाही. पण तरुण स्त्रीला अजून मूल हवे असेल तर? या प्रश्नावर मुंबईत मोठे काम झाले. गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांचे नाव गर्भपात टाळणाऱ्या ‘शिरोडकर टाक्या’मुळे जगभर गेले. त्यांनीच उतरलेल्या गर्भाशयाला मागच्या बाजूने माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीशी पट्टीने बांधून घेण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुरंदरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तीच बांधणी पोटाच्या पुढच्या भिंतीशी करतात. म्हणजे फळी खचली तरी नवी दोरी घालून मडके जपता येते.

हे मुद्दाम सांगते, कारण ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याची प्रकरणे २०१९ साली उजेडात आली आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटातले दुखणे यांतल्या पुष्कळ तक्रारी गोळ्यांनी बऱ्या होतात. आणि अंग आलेले असले तरी नुसती पिशवी काढून भागत नाही. तळ दुरुस्त केला नाही तर पुढे योनिमार्गच खाली उतरू शकतो. कोणती शस्त्रक्रिया, कशासाठी आणि तिच्यावाचून काय होईल, हे तीन प्रश्न विचारण्याचा प्रत्येक बाईला हक्क आहे. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

तूच सांगितलंस

१९९४ च्या मे महिन्यात आत्या एका लग्नासाठी ठाण्याला आमच्या घरी उतरली होती. सगळी मंडळी गप्पा मारत बसलेली आणि आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी म्हटले, “बस ना गं.” ती म्हणाली, “बरी आहे मी.” आणि एकदम, पंचवीस वर्षांनी, मला ती बैलगाडी दिसली.

रात्री मी खोलीचे दार लावले आणि विचारले, “आत्या, अंग येतं का गं तुझं?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुला कोणी सांगितलं?”

“तूच. जत्रेच्या रात्री, आईला.”

ती रडली नाही. मीच रडले. दुसऱ्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या माझ्या एका मैत्रिणीकडे तिला नेले. गर्भाशय पुरते बाहेर होते, त्यावर जुनी जखम होती. जखम भरून यायला तीन आठवडे लागले. मग रिंग बसवली. दहा मिनिटे लागली असतील. मैत्रिणीने तिला उठायला सांगितले, चालायला, खोकायला, उकिडवे बसायला सांगितले. आत्या उकिडवी बसली आणि तशीच बसून राहिली. मग वर पाहून म्हणाली, “येवढंच व्हतं?”

तिच्या धाकट्या मुलाचे वय तितकीच वर्षे ते दुखणे. सव्वीस. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हते, आजही नाही.

दोन वर्षे ती रिंगेवर राहिली. १९९६ मध्ये, भात झोडून झाल्यावर, तिने स्वतःहून शस्त्रक्रिया करून घेतली. डॉक्टरांनी तीन महिने जड उचलायचे नाही असे बजावले. तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला: पाणी कोण आणणार? पहिले काही दिवस सुना आणत होत्या. थोरल्या सुनेला दिवस गेले होते. एका सकाळी आत्याने दोन्ही मुलांना ओटीवर बोलावले आणि काय झाले होते ते स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या दिवसापासून मुले कावड घेऊन विहिरीवर जाऊ लागली. पाड्यावर शस्त्रक्रियेपेक्षा या कावडीचीच चर्चा जास्त झाली.

सव्वा महिना कुणाचा?

२०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले, पालघर वेगळा झाला. शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. आज शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, गावोगावी आशाताई आहेत. घरची बाळंतपणे पुष्कळच कमी झाली, मुलेही कमी. या साऱ्यामुळे हे दुखणे उद्याच्या पिढीत कमी होईल, अशी आशा वाटते. पण बाळंतपणानंतर दवाखान्यात जाणे होते ते बाळाच्या लशीसाठी. आईच्या ओटीपोटाच्या तळाची चौकशी त्या वेळी सहसा कुणी करत नाही. नेपाळमध्ये या दुखण्याने इतक्या बायका पिचल्या होत्या की तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्याला स्त्रीच्या प्रजनन-हक्काचा प्रश्न ठरवून सरकारला पावले उचलायला सांगितले. आपल्याला न्यायालयापर्यंत जायची गरज नाही. बाळंतिणीचा सव्वा महिना आपल्या परंपरेनेच राखून ठेवला आहे. तो विटाळाचा म्हणून न पाळता स्नायू सावरण्याचा म्हणून पाळावा, आणि तेवढे दिवस हंडा घरातल्या पुरुषाने उचलावा, एवढे जरी झाले तरी पुष्कळ.

आणि एक विनंती. आपल्या घरात आई असेल, सासू असेल, आजी किंवा कामाला येणारी बाई असेल. ती बसताना कडेला रेलून बसते का, लघवीला फार वेळ लागतो का, लांबचा प्रवास टाळते का, हे जरा पाहावे. दार लावून, हलक्या आवाजात, तिच्याच शब्दांत विचारावे. पहिल्यांदा ती ‘नाही’ म्हणेल. पुन्हा विचारावे.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या जत्रेला, १९९७ च्या जानेवारीत, आत्या माहेरी आली. तेव्हा गावात बैलगाड्या उरल्या नव्हत्या, म्हशाला जीपा जात. जीप खचाखच भरली होती. भाच्याने हात पुढे करून म्हटले, “आत्या, मागं गर्दी आहे, उभी राहशील ना?”

“मी का म्हणून उभी राहू?” आत्या म्हणाली आणि ड्रायव्हरशेजारच्या जागेवर ऐसपैस जाऊन बसली.